समोर कोण उभं आहे?

आमच्या चौकातल्या इस्त्रीवाल्या मावशीवर सरकारला फसवल्याचा खटला उभा राहिला, तेव्हा मी आधी हसलेच. वकीलबाईंच्या ऑफिसात मी कारकून. लबाड माणसं रोजची बघण्यातली. ही बाई तर खिशात राहिलेली नोटसुद्धा परत देणारी!

आरोप असा, की ही अंधांचा भत्ता घेते आणि दिवसभर मजेत इस्त्री करते. तपासणीचा माणूस गिऱ्हाईक बनून आला होता. त्याला म्हणाली, "शर्ट शोभून दिसेल हं तुम्हाला!" झालं, त्यानं तेवढंच धरलं.

"अहो मावशी, दिसत नाही तर तसं सांगायचं ना सरळ!" मी खेकसले.

"लाज वाटते गं. आंधळी म्हटलं की लोकांचा आवाजच बदलतो."

तिला उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं. कपडे बोटांनी ओळखायची, माणसं आवाजानं. भत्त्यासाठी डोळ्यांच्या फेरतपासणीला बोलावलं होतं, पण सोबत घरचं माणूस हवं म्हणे. घरचा एकच, मुलगा. तो ट्रकवर, क्वचित घरी यायचा, आणि नेमकं त्याच्यापासूनच तिनं हे लपवलं होतं. "त्याला कळलं तर इस्त्री काढून घेईल, कोपऱ्यात बसवील मला." म्हणून ती गेलीच नाही. ती गेली नाही, हाच कोर्टात पुरावा झाला.

"मुलाला तेवढं कळू देऊ नका," तिनं वकीलबाईंना विनवलं. बाईंनी शब्द दिला. पण खटल्याची बातमी काय लपते होय? मुलगा आमच्या ऑफिसात येऊन ओरडला, "डोळे धडधाकट असून आंधळी म्हणवून घेते! गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही!" बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात काय शिजतंय, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेवटच्या तारखेला तो कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसला. मावशीला पत्ताच नाही. बाईंनी न्यायाधीशांची परवानगी काढली, सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि मला खूण केली. मी त्याला हाताला धरून आईच्या अगदी पुढ्यात नेऊन उभं केलं.

"मावशी, समोर कोण उभं आहे?" बाईंनी विचारलं.

मावशीनं केस सारखे केले. गिऱ्हाइकाला दाखवायचं ते हसू तोंडावर आणलं. "साहेबच की! नमस्कार, साहेब." आणि पोटच्या पोराला तिनं वाकून हात जोडले.

"आई!"

तिचे हात तसेच राहिले. मग तिनं ते तोंडावर घेतले. शरमेनं माझी मान वर होईना.

मावशी निर्दोष सुटली. बाहेर मुलगा रडत होता, तिच्या हाताला धरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "चुकलो गं आई. आता तू काडीसुद्धा हलवायची नाहीस. इस्त्री आजच विकून टाकतो. नुसतं बसून राहायचं."

मावशी ऐकत होती. मग बाईंच्या आवाजाच्या दिशेनं वळली.

"बाई, गुन्हा शाबीत झाला असता तर किती शिक्षा होती म्हणालात?"

"दोन वर्षं."

"दोनच? मग तीच बरी होती की हो."