मास कम्युनिकेशनची वसुली

आखातात पैसे मोजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण आपल्या पदवीचे सुटे भाग करून, एकेका भागाने आजवर किती कमावलं याचा हिशेब ठेवणारा माणूस साऱ्या ओमानात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मावसभाऊ निघाला. दुक्म बंदराजवळच्या कामगार कॅम्पात तीन वर्षं तो माझ्या समोरच्या खाटेवर झोपत असे. झोपत असे म्हणजे बोलत असे. बोलता बोलता मधेच त्याचा डोळा लागायचा आणि पहाटे उठला की राहिलेलं वाक्य तो तिथूनच पुढे सुरू करायचा.

हा गुहागरकडचा. वडील पोस्टमन. मुकाट्याने दुसऱ्यांची पत्रं वाटण्यात त्यांची सारी नोकरी गेली, म्हणूनच की काय, मुलाने पुण्याच्या एका खाजगी संस्थेत मास कम्युनिकेशनला नाव घातलं. बँकेचं सात लाखांचं कर्ज, जामीन म्हणून वडिलांची सही. पदवी मिळाली आणि एका वेबसाइटवर दिवसाला तीस बातम्या लिहायची नोकरीही मिळाली. तिचा पगार कर्जाच्या हप्त्यापेक्षा तीन हजारांनी कमी होता. म्हणजे महिनाभर काम करून, काहीही न खाता, हा तीन हजारांनी मागे पडत होता. बँकेचे फोन वडिलांना जाऊ लागले. आयुष्यात एकही मनीऑर्डर उशिरा न पोचवलेला तो माणूस बँकेची गल्ली टाळून लांबच्या वाटेने बाजारात जाऊ लागला. मग माझी बायको एक दिवस म्हणाली, "तुमच्या कंपनीत लावा की त्याला कुठेतरी. बोलायला चांगला आहे." आमची कंपनी बंदराजवळ पाइप टाकते, मी तिथला स्टोअरकीपर. पाइप टाकायला वक्ता लागत नाही हे मी तिला परोपरीने सांगितलं. पण कागदपत्रांच्या कारकुनाची एक जागा रिकामी होती, आणि तो आला.

आल्या दिवशी त्याने खाटेवरच्या भिंतीला आपल्या मार्कशीटची झेरॉक्स चिकटवली. मला वाटलं, अभिमान असेल. तसं नव्हतं. प्रत्येक विषयापुढे पेन्सिलीने रकमा होत्या. "भावोजी, कर्ज सगळ्या विषयांवर सारखं वाटलंय," तो म्हणाला. "आता कुठला विषय स्वतःचे पैसे फेडतो ते बघायचं." 'मुलाखत तंत्र' या पेपराने विमानतळावरच्या टॅक्सीवाल्याशी बोलून दोन रियाल वाचवले होते, ते जमा होते. 'माध्यमांचा इतिहास' या विषयाने रियाल तर सोडाच, त्याचा हजारावा भाग म्हणजे एक बैसाही अजून कमावला नव्हता आणि त्याचा उल्लेख तो घरातल्या उडाणटप्पू भावाचा करावा तसा करायचा. एकदा मेसमधली डाळ सलग चार दिवस आंबट निघाली. मुकादमाने आरडाओरडा केला, उपयोग झाला नाही. हा केटररच्या माणसाकडे जाऊन तासभर त्याच्या आईच्या गुडघ्यांविषयी बोलला आणि डाळ तर सुधारलीच, वर नाश्त्याला अंडं सुरू झालं. रात्री 'जनसंपर्क' या विषयापुढे त्याने रोजचं एक अंडं लावलं.

"आणि बाकीच्या चारशे माणसांची अंडी?" मी विचारलं.

"ती समाजसेवा. तो पेपर मी घेतला नव्हता."

ईदच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर मस्कतमधल्या अझैबाला आमच्या घरी यायचा. अशाच एका सुट्टीत मी त्याला बातिना किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याला घेऊन गेलो. तिथे रत्नागिरीकडचे एक चाचा आहेत. हमरस्त्यालगत त्यांचं लिंबांचं आणि सुक्या मासळीचं दुकान. त्यांना नवी पाटी हवी होती. 'जाहिरात लेखन' हा विषय तोवर शून्यावर होता, त्यामुळे हा पुढे सरसावला. दोन दिवस आमच्या बाल्कनीत बसून त्याने मजकूर लिहिला. त्यात बातिनाच्या शेतांवरचं दव होतं, पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास होता आणि शेवटच्या ओळीत कुठेतरी लिंबं होती. चाचांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, समोर गाड्या शंभरच्या वेगाने जातात. हे वाचायला कोण थांबेल?" शेवटी पाटीवर 'ताजी लिंबं' एवढंच अरबीत आणि इंग्रजीत आलं. चाचांनी खूश होऊन एक गोणी लिंबं दिली. गोणीची किंमत त्याने खाबुऱ्याच्या भावाने न लावता मस्कतच्या भावाने लावली. माझी मुलगी इथल्याच शाळेत शिकते, तिचं मराठी अडखळत चालतं. ती बराच वेळ त्या गोणीकडे बघत होती. मग तिने विचारलं, "मामा, तुझी डिग्री लेमनची आहे?" तो म्हणाला, "सध्या तरी."

दुक्मला सकाळी काम सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळ्या कामगारांना उभं करून सुरक्षेच्या सूचना देतात. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आमचा सेफ्टी ऑफिसर ते इंग्रजीतून वाचून दाखवायचा आणि समोरचे बिहारी, नेपाळी, बंगाली कामगार उभ्याउभ्या डुलक्या काढायचे. तो आजारी पडला तेव्हा हे काम याच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी याने कागद खिशात घातला आणि हिंदीत सुरुवात केली, "एक मंगरू था." मंगरू हा याच्या डोक्यातून निघालेला एक परांचीवाला. आळशी, प्रेमळ, बायकोला रोज फोन करणारा आणि हेल्मेट नेहमी विसरणारा. पाचव्या मिनिटाला मंगरूच्या डोक्यावर पाना पडायच्या बेतात असताना हा म्हणाला, "यल्ला, चलो, बाकी कल." दुसऱ्या दिवशी माणसं दहा मिनिटं आधी येऊन उभी. सेफ्टी ऑफिसर बरा होऊन परत आला, त्याने दोन दिवस आपला कागद वाचून पाहिला, आणि मग निमूटपणे मंगरू ऐकायला सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. पगार मात्र याचा कारकुनाचाच राहिला. याने 'कथनकौशल्य' या विषयापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

मग टूलबॉक्स टॉकला उंचावरच्या कामाचा विषय आला. संध्याकाळी आमच्या दारावर टकटक झाली. बाहेर सात-आठ परांचीवाले चपला काढून उभे. त्यांच्यातला वयस्कर, बिहारमधल्या छपऱ्याकडचा, पुढे झाला.

"भाईसाब, सुना है कल मंगरू गिरने वाला है।"

"विषय ही गिरने का है," हा म्हणाला.

"मरेगा?"

याने होकारार्थी मान हलवली.

"उसको मत मारिए। उसका बच्चा अभी छोटा है।"

हा त्यांना बराच वेळ समजावत होता की कोणी पडल्याशिवाय सुरक्षा पट्ट्याचं महत्त्व कळत नाही. ते ऐकून घेत होते आणि जागचे हलत नव्हते. अखेर तडजोड झाली: मंगरू पडेल, पण त्याने पट्ट्याचा हुक लावलेला असेल. दुसऱ्या दिवशी मंगरू पट्ट्याला लटकून राहिला आणि खाली आल्यावर त्याने आधी बायकोला फोन केला.

महिन्याभराने छपऱ्याचा तोच माणूस चौथ्या मजल्याइतक्या उंच परांचीवरून घसरला. पट्ट्याने त्याला धरलं. खांदा दुखावला, बाकी काही नाही. संध्याकाळी हात गळ्यात बांधून तो आमच्या खोलीवर आला, खाटेच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "हुक लगाया था, भाईसाब।" एवढं बोलून चहा पिऊन गेला. मी सवयीने थट्टा केली, "हे आता कुठल्या पेपराला जमा करणार?"

"भावोजी, जरा गप्प बसा," तो म्हणाला. तीन वर्षांत त्याने मला गप्प बसायला सांगितलं ते त्या एकाच दिवशी.

शेवटचा हप्ता गेला तेव्हा त्याने वडिलांना फोन लावला. बँकेचं पत्र आलं का, असं विचारलं. पलीकडून ते म्हणाले, "मीच जाऊन घेऊन आलो. सरळ रस्त्याने गेलो." याने फोन ठेवला आणि नळावर तोंड धुवायला गेला तो बऱ्याच वेळाने आला. एकूण हिशेब त्याने नंतर सांगितला: कर्ज फिटलं ते कारकुनीच्या पगारातून, पदवीने स्वतः मिळवलं ते लिंबं, अंडी आणि टॅक्सी धरून एका सत्राच्या फीइतकंही नव्हतं.

आणि एवढं सांगून त्याने राजीनामा दिला. आता तो चिपळूणजवळच्या एका कॉलेजात तासिकेवर कम्युनिकेशन शिकवतो. पगार इथल्या निम्म्याहून कमी. मागे फोनवर मी विचारलं, "अरे, परवडतं का तुला?"

"नाही परवडत," तो म्हणाला, आणि पाऊण तास मुलांविषयी बोलत राहिला.

त्याच्या खाटेवर आता एक इलेक्ट्रिशियन आहे. सज्जन माणूस. कामावरून येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. पहिला आठवडाभर मला फार बरं वाटलं.