साडूभाऊंची जीप

माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवत आलो. आमच्या दोघांतला फरक यातच पुष्कळसा कळावा. लिफ्ट मध्येच बंद पडली की आत अडकलेल्या माणसाशी दाराबाहेरून बोलत राहायचं, ही त्यांच्या कामाची रीत. "बोलणं थांबलं की माणूस घाबरतो," ते सांगायचे. त्यातून त्यांना बोलायची अशी सवय लागली की जिथे कोणीच अडकलेलं नाही तिथेही ते बोलत राहतात. आणि लोक ऐकतात, हा माझा खरा त्रास.

सगळ्यात जास्त माझी बायको ऐकते. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हा ते त्या घरचे जावई झाले. अजून तिला 'चिमणे' म्हणतात. मला तिच्यासाठी असं नाव कधी सुचलं नाही. मी 'अगं' म्हणतो. ते दारात आले की तिचा आवाज वर चढतो आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पितो.

तिला गेंडा पाहायचा होता. चित्रातला नव्हे, जंगलातला. का, ते तिलाही सांगता येत नाही. मी निवृत्त झाल्यावर एकदा जेवताना म्हणालो, "जाऊ या की." हे मी म्हणालो होतो, पण आता कुणाला आठवत नाही, कारण ती हात धुऊन थेट फोनकडे गेली आणि आठवड्याभरात सगळा बेत साडूभाऊंचा झाला.

माझी इच्छा छोटी होती. गेंड्याकडे मी बोट दाखवावं आणि तिने माझ्या बोटाच्या रोखाने पाहावं. बस्स.

कोणत्या महिन्यात जायचं यावर बोलणं निघालं. मी आदल्या दिवशीच वाचनालयात बसून वाचलं होतं की त्या सखल रानात गवत माणसाला गिळेल एवढं वाढतं, तेव्हा ते कापून झाल्यावरच जावं. वाक्य मनात जुळवून मी तोंड उघडणार, तेवढ्यात साडूभाऊ म्हणाले, "चिमणे, गवत कापल्याशिवाय जायचं नाही हं. नाहीतर गेंडा शेजारून जाईल आणि आपण गवत बघून परत येऊ." ती खळखळून हसली. मी "हं" म्हणालो. माझा हेवा हा असा एवढाच असतो. एका अक्षराचा.

मग एका रविवारी त्यांनी आपल्या दिवाणखान्यात जीप मांडली. पुढे जेवणाच्या खुर्च्या, मागे लाकडी बाक.

"मागची रांग उंच असते," ते म्हणाले. "चिमणी बुटकी, म्हणून ती मागे, माझ्या शेजारी. पुढे ही. हिला भीती वाटते, तेव्हा हिच्या शेजारी शांत माणूस हवा. म्हणजे आपले धाकटे."

धाकटे म्हणजे मी.

"तुमच्यापुढे भिंतसुद्धा शांतच वाटते," ताई म्हणाल्या. त्या साडूभाऊंच्या पत्नी, आणि या घरात त्यांना बोलू शकणाऱ्या एकट्याच.

बसलो. मागे दोघांचं खुसुखुसु चाललेलं, माझ्यासमोर त्यांचा फ्रिज. एकदम साडूभाऊ ओरडले, "डावीकडे गेंडा!"

"कुठे?"

"तो काय, कपाटापाशी. शिंग बघ शिंग!"

कपाटापाशी इस्त्रीचं टेबल होतं. पण बायकोने खरोखर वाकून, डोळे बारीक करून पाहिलं. माझ्या कुठल्याही गोष्टीकडे ती इतकं मन लावून पाहते का, हे मी आठवू लागलो. आठवेना.

"बाक अजून उंच पाहिजे," म्हणत साडूभाऊंनी खाली विटा सारायला बाकाचं एक टोक उचललं आणि ते तसेच वाकलेले राहिले. पाठ धरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, झोपून राहा, जीपचे धक्के अजिबात नकोत. ताई त्यांच्यापाशी थांबणार हे ओघानेच आलं.

माझ्या मनात काहीतरी टुणकन उडालं. ते दुःख नव्हतं. न शोभणाऱ्या चष्म्यालाही 'छान दिसतो' म्हणायची दुकानातली सवय त्या दिवशी चेहऱ्याला उपयोगी पडली.

"तुम्ही दोघं जा," साडूभाऊ पडल्या पडल्या म्हणाले. "आणि धाकटे, चिमणीला मागच्या रांगेत बसवा."

ते न येताही जंगलातल्या जीपमध्ये होतेच. "भाऊजी म्हणाले होते, हरणं थबकली की आपणही थांबायचं." "भाऊजी म्हणाले होते, सकाळी धुकं असतं." धुकं मलाही दिसत होतं. मी कापलेल्या गवतावर डोळे रोवून बसलो, पाणी येईपर्यंत. आणि दिसला! करडा, प्रचंड, झुडपाआड.

"तो बघ!" मी बोट दाखवलं. तिने माझ्या बोटाच्या रोखाने पाहिलं.

"साहेब, ते वारूळ आहे," वाटाड्या म्हणाला. ड्रायव्हरचे खांदे हलले.

थोड्या वेळाने तिने माझी बाही ओढली. "अहो! अहो, इकडे!" मी तिच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. डबक्यात गेंडा उभा होता, चिखलाने माखलेला, पाठीवर पक्षी. त्याचे दोन कान दोन दिशांना फिरत होते. तिने माझी बाही सोडली नाही. मला वाटलं, चला, एवढं तरी माझं. तेवढ्यात ती कुजबुजली, "भाऊजी हवे होते."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिने फोन लावून माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा." मी परतीच्या वाटेवर वाक्य तयार केलंच होतं. सहज बोलल्यासारखं, पण बोचेल असं.

"हो, दिसला. अगदी जवळ."

"हं," साडूभाऊ म्हणाले. 

तो 'हं' माझ्या ओळखीचा होता. वर्षानुवर्षं मीच म्हणत आलो होतो. पहिल्यांदा बरं वाटलं, अगदी जिभेवर साखर ठेवल्यासारखं. पण पलीकडून काहीच येईना. तो माणूस असा कधी गप्प बसत नाही. आणि मला त्यांची ती लिफ्ट आठवली. मग मी बोलू लागलो. धुकं सांगितलं, डबकं सांगितलं, कान कसे फिरत होते ते सांगितलं. सांगण्यासारखं संपलं तेव्हा, इलाजच नव्हता, वारूळही सांगितलं.

पलीकडे ते हसायला लागले. "आई गं, पाठ! धाकटे, हसवू नका. मग? मग पुढे?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बायको दारात टॉवेल घेऊन उभी होती, अंघोळीला जायचं विसरून.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे होते. साडूभाऊ कमरेला पट्टा बांधून गेंडा सांगत होते. हाताचे पंजे डोक्याला लावून कानही फिरवून दाखवले. माझ्यापेक्षा कितीतरी छान सांगत होते. ती हसत ऐकत होती, जणू स्वतः पाहिलाच नव्हता. मी पाणी प्यायला उठलो.

"अहो, बसा ना," ती म्हणाली. "वारूळ तुम्ही सांगा. ते भाऊजींना जमत नाही."

मी बसलो. घसा खाकरला आणि इस्त्रीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. तिनेही.