खण की गूळ

राहीबाई भिणाऱ्यातली नव्हती. पसरणीच्या घाटाखालच्या गावातून डोईवर अंड्यांची पाटी घेऊन ती पहाटेच निघायची आणि ऊन तापायच्या आत पाचगणीत हजर. एकदा वाटेत वाघरू आडवं गेलं, तर "जा बाबा तुज्या वाटंनं" म्हणून ही आपल्या वाटेला लागली. अशा बाईला चव्वेचाळीस सालच्या डिसेंबरात एका जेवणाच्या आमंत्रणानं घाम फोडला.

आमंत्रण हेलेनाबाईंचं. लढाईनं देशोधडीला लावलेले पोलंडचे बरेच लोक तेव्हा आपल्या मुलखात आसऱ्याला आले होते. हेलेनाबाईंची बारा वर्षांची इरेना छातीनं अधू, म्हणून मायलेकी पाचगणीच्या हवेला एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत. राहीबाई त्यांना अंडी द्यायची. इरेना मोडकंतोडकं मराठी शिकली होती. तिनंच सांगितलं, "नाताळच्या आधीची संध्याकाळ. राही, तू आमच्याकडे जेवायचं."

आता रिकाम्या हातानं कसं जायचं? सवाष्णीच्या घरी पहिल्यांदा जाताना खण-नारळ न्यायचा, कुंकू लावून तिची ओटी भरायची, ही रीत. पण हेलेनाबाई सवाष्ण होती का? तिच्या नवऱ्याला रशियनांनी धरून नेल्याला पाच वर्षं झाली होती, आणि त्यानंतर चिठ्ठी नाही, चपाटी नाही. कपाळावरून ओळखावं, तर त्यांच्यात सगळ्यांचीच कपाळं मोकळी.

"गूळ ने गुमान, त्यो कुनालाबी चालतो," सासू अंबूबाई म्हणाली. "मालक गेल्याला असला आन् तू खण म्होरं केलास, तर तिच्या काळजाला डागणी."

"आन् जित्ता असला तर? आपुनच त्येला मारल्यागत न्हाई का व्हनार, आत्याबाई?"

अंबूबाई उठून चुलीकडे गेली. कारण बोलणं आता हेलेनाबाईच्या नवऱ्याचं राहिलं नव्हतं. अंबूबाईचा लेक, म्हणजे राहीबाईचा नवरा जोतिबा, मराठा पलटणीबरोबर इटलीत होता आणि आषाढातल्या बेंदरापासून त्याचं पत्र नव्हतं. गावातल्या बाया आधी राहीबाईच्या कुंकवाकडे बघायच्या आणि मग बोलायच्या. अंबूबाईनं तर पाच महिन्यांत लेकाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. राहीबाईच्या मनानं एक खूळ घेतलं, की त्या परक्या बाईच्या नवऱ्याचा आपण जो निवाडा करू, तोच आपल्या कपाळी येणार. असल्या रीती कुणी पाडल्या देव जाणे, निस्तरायच्या मात्र बायकांनी!

शेवटी तिनं दोन्ही घेतलं. गुळाची लहान ढेप हातातल्या फडक्यात, आणि खण, नारळ, कुंकवाची पुडी ओच्यात. तिथं गेल्यावर काय ते बघू, असं म्हणून ती घाट चढली.

खोलीत टेबलावर पांढरं कापड होतं आणि कापडाखालून वाळल्या गवताच्या काड्या डोकावत होत्या. येशू गोठ्यात जन्मला म्हणून, इरेना म्हणाली. गोठा म्हटल्यावर राहीबाईला जरा आपल्यात आल्यासारखं वाटलं. इरेना खिडकीशी उभी राहून पहिल्या चांदणीची वाट बघत होती. ती दिसल्याशिवाय जेवायचं नाही, आपण संकष्टीला चंद्राची वाट बघतो तसं. मग राहीबाईचं लक्ष ताटांकडे गेलं. माणसं तीन होती आणि ताटं चार.

चौथ्या ताटापुढं खुर्ची होती, चमचा होता, पाण्याचा पेला होता, आणि हेलेनाबाई ते स्वच्छ ताट पुन्हा पुन्हा पुसत होती. माणूस नसताना पान कुणाचं वाढतात, हे राहीबाईला कुणी सांगायला नको होतं. दर भादव्यात ती सासऱ्याचं पान वाढायची. म्हणजे खबर आली तर! गेला बिचारा. तिनं ओचा आवळून धरला आणि गुळाची ढेप पुढं केली. हेलेनाबाईनं ती दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला, हसली. राहीबाईला मात्र त्या ताटापुढं जोतिबा दिसायला लागला.

पण नारळ काही लपत नव्हता. "राही, तिथे काय?" इरेनानं ओच्याकडे बोट दाखवलं.

"काय न्हाई," राहीबाई म्हणाली. मग तिच्यानं राहवेना. "तुज्या बापाची खबर कवा आली, पोरी?"

"खबर? खबर नाही."

"मग ह्ये ताट?"

"ते वाटेवरच्या माणसाचं. कोणी आलं तर बसेल. आई म्हणते, पापा पण वाटेवर आहे. रशियनांनी आम्हाला पण नेलं, तिथे आमच्याकडे ताट नव्हतं. तेव्हा आई डब्याचं झाकण ठेवायची."

राहीबाईनं ओचा सोडून खण-नारळ बाहेर काढला. तिनं हेलेनाबाईला समोर बसवलं. पदर नव्हता, म्हणून झग्याचा घोळ पसरायला लावला, त्यात खण-नारळ घातला आणि बोटानं कपाळाला कुंकू टेकवलं. हे काय, असं हेलेनाबाईनं लेकीला विचारलं आणि लेकीनं राहीबाईला.

"जिचा मालक जित्ता हाय, तिला लावत्यात," राहीबाई म्हणाली.

इरेनानं ते आईला सांगितलं. हेलेनाबाईचा हात कपाळाकडे गेला आणि तिथंच थबकला. पुसलं जाईल म्हणून तिनं कुंकवाला बोट लावलं नाही. राहीबाईचा हात धरून ती रडली, आणि राहीबाईही रडली.

रात्री तिथंच निजून सकाळी ती घाट उतरली. घरी अंबूबाईनं न्याहारीला चुलीपुढं दोन ताटल्या मांडल्या होत्या. राहीबाईनं शेजारी तिसरी मांडली.

अंबूबाई दचकली. "कोन मेलं गं?"

"कुनी न्हाई. वाटंवरल्या मानसाचं हाय ते." आणि तिनं पांढऱ्या कापडापासून डब्याच्या झाकणापर्यंत सगळं सांगितलं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी अंबूबाईचं लक्ष नव्हतं. मग तिनं ती उतरवली आणि तिसऱ्या ताटलीत ठेवली.

"नुस्ती नगं ठिवू," ती म्हणाली. "मिरच्या काढ जा. खर्ड्याबिगर भाकरीला हात लावत न्हाई माजा जोतिबा."