डावीकडची चटणी

आमच्या ह्यांना जेवताना चटणी लागते, तीही ताटात रीतसर डावीकडेच. या उन्हाळ्यात मात्र त्यांचं रोजचं टुमणं सुरू झालं, "आज चटणी नाही केलीस?" अहो, समोर तर वाढलीय! माझं डोकंच फिरायचं.

ह्यांना काचबिंदू आहे. रोज थेंब घालायचे आणि अधूनमधून तुकोगंजातल्या दवाखान्यात तपासणीला जायचं. तिथे डोळ्याच्या नसेचा स्कॅन काढतात आणि आजूबाजूचं किती दिसतं याची फील्ड टेस्ट करतात. अंधाऱ्या खोलीत एक डोळा झाकून नाकासमोर बघत बसायचं, आजूबाजूला बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. बस, इतकंच. पण आमच्या माणसाचा जन्म गेला सांवेर रोडच्या कारखान्यात लोकांचा माल पास-नापास करण्यात. स्वतः नापास होणार? छे! उजेड कधी येत असेल याचा अंदाज बांधून दाबत सुटले.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "अंकलजी, स्कॅनमध्ये नस आधीपेक्षा पातळ झालीय आणि टेस्ट म्हणतेय सगळं फर्स्टक्लास. लाइट नव्हता तेव्हाही बटण दाबलंय तुम्ही. थेंब पुरताहेत की नाही, मला कळणार कसं? गेलेली नजर परत येत नाही हो."

बाहेर बाकावर हे टेकले. मग हळूच म्हणाले, "स्कूटर बंद करतील गं."

म्हणजे स्कूटरसाठी हा सगळा उपद्व्याप! राग आला, तरी जवळ सरकले. म्हटलं, "खड्ड्यात गेली ती स्कूटर. मी नवी साडी नेसले तर बघायला घरात कुणी हवं की नको?"

"तू कुठे विचारतेस, कशी दिसते म्हणून," म्हणाले. पण हसले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा टेस्ट झाली. मी दाराशीच बसले होते. बटणाचा टकटक आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. दाबा हो, दाबा, असं मनात यायचं आणि लगेच, नको, खरं तेच करा. बाहेर आले ते घामाघूम. "नाही दिसलं तिथे नाही दाबलं," म्हणाले.

डावीकडे, खालच्या बाजूला नजर गेली होती. तिथेच माझी चटणी! बाईंनी थेंब बदलले, लवकर पुन्हा बोलावलं आणि स्कूटरला सक्त मनाई केली. ह्यांनी खिशातली चाबी काढून माझ्या पर्समध्ये टाकली.

त्या रात्री मी चटणी उजवीकडे, भाजीशेजारी वाढली. ह्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चमच्याने चटणी उचलून परत डावीकडे ठेवली.

"तिची जागा नको बदलूस," म्हणाले. "मी मान वळवीन."

आणि वळवली.