चिखलाच्या मागावर

शाळेच्या शिपाईबाईंना सगळे मावशी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे मुख्याध्यापकसुद्धा. गेले तीन पावसाळे टेकडीवरून चिखल यायचा आणि पहिलीचा वर्ग घोटाभर भरायचा. तो उपसता उपसता मावशींची कंबर कामातून गेली होती.

"भिंत बांधून घेऊ," मुख्याध्यापक म्हणाले.

"बांधा. पण माती सुटते कुठून, ते कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं. मावशींनी फावडं भिंतीला टेकवलं आणि चिखलाच्या ओघळाचा माग काढत त्या टेकडी चढल्या.

वर रस्ता रुंद करताना झाडं तोडली होती, त्यामुळे मुळांनी धरून ठेवलेली माती मोकळी झाली होती. रस्त्याचं सगळं पाणी एकाच नळीतून उतारावर कोसळत होतं. त्याखाली त्यांच्या धाकट्या दिराचं शेत. सऱ्या वरून सरळ खाली काढलेल्या, म्हणजे पाण्याला आयती घसरगुंडीच. आणि बांधावरचं गवत शेळ्यांनी मुळासकट फस्त केलेलं. शेळ्या मावशींच्याच होत्या.

त्या तशाच दिराकडे गेल्या. "भाऊजी, पुढच्या वेळी नांगर आडवा धरा."

"आधी तुमच्या शेळ्या आवरा, वहिनी. मग मला शिकवा."

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून शेळ्या दावणीला आल्या आणि शाळेआधी चाऱ्याचा भारा मावशींच्या डोक्यावर. महिनाभर हे बघून दीर जरा नरमला. "अर्धं शेत आडवं नांगरतो. बिघडलं तर तुमच्या नावाने बोंब मारीन."

"खुशाल मारा."

रस्त्याच्या कार्यालयात मावशींनी बादलीभर चिखल साहेबांच्या टेबलावर ठेवला. "तुमच्या नळीचा आहे. तुमचा तुम्हाला परत."

साहेबांनी अर्ज मागितला. मावशींनी तो दिला आणि पाच हेलपाटे घातले. सहाव्या खेपेला त्या डबा घेऊन दारातच बसल्या. आठवड्याभरात माणसं आली, पाणी तीन वाटांनी फोडलं, खाली दगड रचले.

पुढच्या पावसाळ्यात वर्गात चिखल आलाच, पण बोटभर. दिराच्या शेतात आडवा नांगरलेला भाग जागच्या जागी होता. दुसऱ्या भागात गुडघाभर घळी पडल्या होत्या.

"बोंब मारायची राहिली," दीर खाली मान घालून म्हणाला. "उरलेलंही आडवंच नांगरतो."

"नांगरा. पण झाडांचं काय? उद्या रविवार आहे. पहार घेऊन या, खड्डे खणायचेत."

"किती?"

"सुरुवात तर करू."