साडीचा खरा रंग

लिंबायतच्या एका मोबाइलच्या दुकानात मी चार्जर घ्यायला गेलो होतो, पण माझ्या आधी आलेले एक काका काही हलेनात. त्यांना वारलेल्या बायकोचा फोटो घरात सतत दिसत राहील असा टॅबलेट हवा होता. त्यांच्या नखांत निळा रंग मुरला होता, त्यावरूनच कापड रंगवायच्या डाइंग मिलमधली नोकरी कळत होती. दुकानदार एकेका टॅबलेटवर तो फोटो लावून देई. काका टॅबलेट दाराशी उन्हात नेत, खिशातली, फोटोतल्याच साडीची चिंधी काचेशेजारी धरत आणि मान हलवत परत येत. मिलमध्ये रंग असाच जुळवतात म्हणे. माझी चुळबुळ वाढत होती.

शेवटी सगळ्यात स्वस्त टॅबलेटवर ते थांबले. "हाच द्या."

"काका, याच्यात फिकी दिसते. आधीच्यात साडी कशी नवीकोरी वाटत होती!" दुकानदार म्हणाला.

काकांनी चिंधीची नीट घडी घातली.

"तीस वर्षं दुनियेच्या साड्या रंगवल्या, भाऊ. तिला नव्याकोऱ्या साडीत कधी बघितलंच नाही. त्या भारी टॅबलेटवर मला दुसऱ्याच कोणाची बायको दिसते."