घाई मॅडमची बांधी

आमच्या घाई मॅडम कुणाच्या घरी गेल्या की माणसांची खुशाली नंतर विचारायच्या. आधी अंगणातल्या वांग्याचं नाहीतर तुळशीचं पान उलटं करून बघायच्या. एका लग्नात त्यांनी मांडवाला बांधलेलं आंब्याचं पान खुडून उजेडाकडे धरलं होतं आणि नवरदेवाची आई हा काय अपशकुन म्हणून बघत राहिली होती. "काही नाही हो, पानानं झुंज दिलीय, छान दिलीय," एवढं सांगून मॅडम पंगतीकडे पळाल्या.

तिरोड्याच्या कॉलेजात त्या वनस्पतीशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. घरं शेजारीशेजारी, त्यामुळे त्यांच्या अस्वस्थपणाचा निम्मा वाटा माझ्या नशिबी. चहा ओतला की त्या उठायच्या. वाक्य सुरू व्हायचं माझ्या ओसरीवर आणि संपायचं फाटकाबाहेर, स्कूटीला किक मारताना. त्यांचं 'घाई मॅडम' हे नाव मुलांनी ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, पण रागावायला सवड कुणाला होती?

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, तरी त्यांच्यामुळे एक गोष्ट कायमची डोक्यात बसली. "सर, झाडाला पळता येत नाही," त्या म्हणायच्या. "आपल्या रक्तातून शिपाई फिरतात, तसे त्याच्याकडे नाहीत. प्रत्येक पेशीनं आपला पहारा आपणच करायचा." पेशीच्या पडद्यावर म्हणे राखणदार असतात. बुरशीच्या कवचाचा कण त्यांना लागला की आत हाकाटी होते, भिंत जाड होते, विषं तयार होतात. चलाख बुरशी मात्र आत असं काही सोडते की ती हाकाटीच बंद पडते. मग आतल्या दुसऱ्या पहाऱ्यावर सगळी भिस्त. तो जागा झाला तर ती पेशी स्वतःच मरून जाते, भोवतालच्या दोनचार जणींना घेऊन. बुरशी तिथेच अडकते आणि पानावर उरतो टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका.

"आणि सतत हाकाटी करणारं झाड?" मी एकदा खोडी काढली. "ते खुजं राहतं. सगळी ताकद पहाऱ्यातच जाते," त्या म्हणाल्या. मॅडम स्वतः फळ्याच्या निम्म्यापर्यंतच पोचायच्या. मी हसलो तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या माझ्याहून मोठ्यानं हसल्या.

त्यांचा सगळा जीव एका धानात अडकला होता. जंगलपट्ट्यातल्या एका जुन्या धानाचा त्यांनी चालू जातीशी संकर केला होता आणि कित्येक हंगाम निवडून निवडून त्याचं बी टिकवलं होतं. हा धान करप्याला, म्हणजे पानं जाळणाऱ्या बुरशीला, आपल्या बळावर अडवतो, असा त्यांचा दावा. कॉलेजातल्या कुंड्यांत त्यानं अडवलाही होता. "कुंडीत कुणीही शूर असतं," त्या म्हणायच्या. त्यांना तो उघड्या शेतात, करप्याच्या साथीत उभा राहिलेला बघायचा होता, आणि निवृत्तीपूर्वी एकच खरीप हाती होता.

चोरखमारा तलावाच्या कालव्याखाली शेती असलेल्या यादोरावभाऊंनी त्यांना एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा एक तुकडा, दिली. रोवणी झाली. भादव्यात ढगाळ हवा आणि सकाळचं दव आलं आणि करपाही आला. मॅडम शेतावरून थेट स्टाफरूममध्ये आल्या, पाय चिखलानं भरलेले. "ठिपके आले! नुसते ठिपके! पसरत नाहीत!" प्राचार्यांना सांगितलं, शिपायाला सांगितलं, बसस्टँडवरच्या चहावाल्यालाही सांगितलं.

चार दिवसांनी मी त्यांच्यासोबत बांधीवर गेलो. औषधाचा वास धुऱ्यावर, शेताच्या बांधावर पोचताच आला. यादोरावभाऊ पंप पाठीवर घेऊनच सामोरे आले.

"मॅडमजी, तुमच्या धानाले ठिपके येऊन राहिले होते. आपल्या भरवशावर ठेवलेला धान डोळ्यादेखत कसा मरू देऊ जी? माह्या बांधीत नंतर, आधी तुमच्यात फवारा मारला."

त्यांच्या तोंडावर केवढं समाधान होतं! आता धान तगला तरी तो आपल्या बळानं तगला की औषधानं, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मला संताप आला. "काऊन मारला भाऊ? मॅडमनी नाही म्हटलं होतं ना?"

"काही करू नका म्हणे. पण कायले, ते कुठं सांगितलं?"

मॅडमचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "खरंय भाऊ. साऱ्या तिरोड्याला सांगितलं आणि ज्याच्या शेतात उभा आहे त्यालाच सांगायचं राहिलं." तिथेच धुऱ्यावर एक पान हातात घेऊन त्यांनी भाऊंना ठिपक्याची सगळी गोष्ट सांगितली. भाऊ ऐकत होते आणि पंपाचा पट्टा खांद्यावरून हळूहळू उतरवत होते. "बाप्पा," एवढंच म्हणाले.

मॅडम निवृत्त झाल्या, आणि नंतर पोटाच्या दुखण्यानं नागपूरला मुलीकडे गेल्या. मी भेटायला गेलो की म्हणायच्या, "सर, ह्या पलंगाला चाकं तरी लावा हो." अंथरुणात त्यांचे पाय सारखे हलत असायचे.

पुढच्या खरिपात भाऊंनी तोच धान आपल्या मनानं लावला. करपा आला, तसा त्यांनी मला व्हिडिओ कॉल केला. मी नागपुरातच होतो. फोन मॅडमसमोर धरला. पडद्यावर धानाचं पान हलत होतं.

"फवारा?" मॅडमनी विचारलं.

"पंप घरीच ठेवला जी. धुऱ्यापलीकडं पुतण्याची बांधी जळून गेली. याच्यात नुसते ठिपकेच. थांबला जी करपा."

मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं, दमल्या. पण त्या रडत होत्या, आणि रडतानाच हुकूम सोडत होत्या. "भाऊ, बी विकू नका. वाटा. पुतण्याला आधी द्या. आणि देताना ठिपक्यांचं सांगा, प्रत्येकाला सांगा."

कापणीच्या आधीच मॅडम गेल्या.

यादोरावभाऊ आता बी मागायला आलेल्याला ओसरीवर बसवतात, पहाऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगतात आणि मगच बी मोजून देतात. कुणी चुळबूळ केली की म्हणतात, "बस ना गा, मॅडमजीचा धान आहे." लोक ऐकून घेतात. मी मात्र दर वेळी मधेच उठून बाहेर येतो. मला ते ऐकवत नाही.